सगळ्यांचा मिळून एक चेहरा

कन्हेरी, ता. बारामती
१२ डिसेंबर

प्रिय छकुली,

गेले सात महिने माझ्यासमोर आलेल्या प्रत्येक कागदावर तू ‘अनुजा दादासो देवकाते, संशोधक’ होतीस. त्या नावाच्या बाईशी बोलायचं नाही, तिला फोन करायचा नाही, वाढदिवसाला साधा निरोपसुद्धा पाठवायचा नाही, असं आमच्या वकीलबाईंनी मला बजावलं होतं. तुझ्या कंपनीच्या वकिलांनी तुलाही तेच सांगितलं असणार. तुझ्या वाढदिवसाला मी सांज्याच्या पोळ्या केल्या आणि डबा मानसिंगकाकांच्या घरी देऊन आले. त्यांनी विचारलं, “वहिनी, आज काय विशेष?” मी म्हटलं, रवा जास्त झाला होता. परवा ती बंदी उठली. हात आधी फोनकडेच गेला होता. पण फोनवर तू ‘आई’ म्हणालीस की मला पुढचं काही बोलता येणार नाही, आणि सांगायचं तर बरंच आहे. म्हणून कागद घेऊन बसले आहे.

आम्ही जिंकलो, छकुली. तुझ्या कंपनीने आमच्यावरचा दावा मागे घेतला आणि पेटंटमधला वादाचा भागही सोडून दिला. निकाल तुला माझ्या आधी कळला असेल, पण तो इथे कसा पोचला हे तुला तिकडे कोण सांगणार? मंगळवारी सकाळी मी अंगणात शेंगा फोडत बसले होते. काकांची लेक प्रगती डाळिंबाच्या बागेतून पळत आली, पायात एकच चप्पल, आणि माझ्या गळ्यात पडून ओरडली, “काकी, सुटली! आपली पालवी सुटली!” तिच्या मागून काका आले. मोटारसायकल काढून गेले आणि अर्ध्या तासात हलगीवाल्यांना घेऊन आले. लग्न नाही, निवडणूक नाही, आणि सकाळी दहाला कन्हेरीत हलगी कडाडायला लागली. लोक विचारत आले, कोण निवडून आलं? काका म्हणाले, “आमचं डाळिंबाचं पान निवडून आलं!” पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये नन्सकडून पियानो शिकलेली तुझी आई त्या दिवशी सगळ्या गल्लीसमोर नाचली. वाईट नाचली, पण नाचली.

पालवीबद्दल तुला वकिलांकडून जे कळलं असेल ते गुन्ह्याच्या भाषेत कळलं असेल, म्हणून मी सरळ सांगते. इंदापूरच्या बाजूला डाळिंबाच्या बागा आहेत तिथे फोनला रेंज नाही. बांधावर चढून हात वर केला तर एखादी काडी दिसते. पानावर तेल्या रोगाचा ठिपका पडला की त्याचा फोटो प्रगतीच्या गटाकडे पाठवायचा, आणि तो फोटो पोचायला अर्धा दिवस जायचा. ढगाळ हवेत तेल्याला बाग धरायला दोन दिवस पुरतात. मग प्रगतीने काय केलं, तर निरोगी पानाचं एक चित्र प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच ठेवून दिलं. शेतकऱ्याने फोटो काढला की त्या चित्रापेक्षा यात जेवढं वेगळं आहे तेवढंच फोन पाठवतो. ठिपके, पिवळेपणा, कुरतडलेली कड. बाकीचं पान पलीकडच्या फोनमध्ये आहेच. फोटो चुटकीसरशी पोचतो आणि दुपारच्या आत काय फवारायचं ते कळतं. फोटो साठवायच्या या प्रकारालाच तिने नाव दिलं पालवी, आणि जगात कोणीही फुकट वापरावी म्हणून ती मोकळी सोडली. आपल्या दोन तालुक्यांतले चार हजार बागायतदार ती वापरत होते.

मे महिन्यात नोटीस आली. गल्लीतलं प्रत्येक इंग्रजी पत्र वाचायला माझ्याकडेच येतं, विम्याचं असो नाहीतर व्हिसाचं. प्रगतीनेही ती छापून माझ्यासमोर ठेवली. एका सामाईक चित्राच्या आधाराने फक्त फरक साठवण्याची पद्धत आमच्या पेटंटखाली येते, तेव्हा प्रत्येक फोनमागे परवान्याची रक्कम भरा, नाहीतर बंद करा, असा मजकूर होता. ज्या अमेरिकी साइटवर तिचा प्रोग्रॅम ठेवलेला होता, त्यांनी तो दुसऱ्याच दिवशी उतरवला. डाळिंबाचा मृग बहार तोंडावर आलेला. प्रगती म्हणाली, “काकी, आपल्याकडं नुसत्या प्रोग्रॅमला पेटंट मिळत न्हाय म्हणत्यात. मग ह्यांनी आपलं दुकान बंद केलं कसं?” मी तिला समजावलं, की तुझं दुकान कन्हेरीत असलं तरी गोदाम अमेरिकेत आहे, तिथे तिथला कायदा. मग मी पान उलटलं. पेटंटच्या पहिल्या पानाची प्रत जोडलेली होती. संशोधकाच्या रकान्यात एकच नाव होतं, आणि त्या नावाच्या मधोमध, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे, तुझ्या बाबांचं नाव. मी प्रगतीला म्हटलं, चष्मा बदलून येते. आत जाऊन तोंडावर पाणी मारलं.

सहा वर्षांपूर्वी याच पेटंटचा पितळी फलक हातात घेतलेला तुझा फोटो तू पाठवला होतास. मी बारामतीहून दोन किलो पेढे आणून गावभर वाटले होते. लोकांनी विचारलं, कशाचे? मी म्हणायचे, लेकीला पेटंट मिळालं, म्हणजे तिने जे शोधलं ते आता जगात फक्त तिचं. फोटोबरोबर तू पेटंटची वीस पानंही पाठवली होतीस. मी ती उघडलीच नाहीत. वकिली इंग्रजी आहे, कशाला डोकं शिणवा, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तुझा हसरा फोटो पुरला होता. तेव्हाच वाचली असती तर एका फोनमध्ये सगळं संपलं असतं, आणि ही सात महिन्यांची मुकी शिक्षा तुला आणि मला झाली नसती. ती चूक माझी. नोटीस आली त्या दुपारी मी ती वीस पानं पहिल्यांदा वाचली, आणि दुसऱ्याच पानावर मला तुझे बाबा बोलताना ऐकू यायला लागले.

तू फार लहान होतीस. आपल्या कारखान्यावर तेव्हा सभासदांच्या दिवाळीच्या साखरेवरून दर वर्षी भांडणं व्हायची. एकाच्या नावाची सवलतीची साखर दुसराच उचलून न्यायचा. संचालकांनी ठरवलं, की साखरेच्या खिडकीवर कॉम्प्युटर बसवायचा आणि नाव सांगितलं की त्या सभासदाचा फोटो पडद्यावर आला पाहिजे. काम तुझ्या बाबांकडे आलं. सभासद अकरा हजार, आणि कॉम्प्युटरच्या पोटात हजार फोटोसुद्धा मावेनात. दोन महिने ते घरात कोणाशी धड बोलले नाहीत. मग एका रविवारी जेवता जेवता हात थांबवून म्हणाले, “सारजा, नाक, डोळे, कान सगळ्यांनाच असतात की गं. ते अकरा हजार वेळा कशाला लिहायचे?” एवढाच तो शोध. सगळ्यांचे फोटो एकावर एक ठेवून जो चेहरा निघेल तो एकदाच साठवायचा, आणि प्रत्येकापुढे त्याचा फरक तेवढा लिहायचा. काम पुरं होईपर्यंत कॉम्प्युटर त्यांनी घरीच आणला होता. तो सगळ्यांचा मिळून झालेला चेहरा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हा तुझी आजी, प्रयागबाई, अगदी काचेला नाक लावून बघत राहिल्या. म्हणाल्या, “ह्यो बाप्या आपल्या गावचा न्हाय. पर गावात सगळ्यास्नी मिळतोय.” आणि तू बाबांच्या मांडीवर. त्यांनी तुझ्यासाठी त्याचा खेळच करून टाकला होता. आधी तो मधला चेहरा दाखवायचे, मग त्यावर एकेक फरक चढवायचे. मिशी आली. कपाळावर खोक आली. तू टाळ्या पिटत ओरडायचीस, “म्हशीवाले तात्या!” पाच वर्षांची होतीस. अजून ‘क’ काढता येत नव्हता, पण नुसत्या फरकावरून माणूस ओळखायचीस.

हे सगळं मी वकीलबाईंना सांगितलं. त्या पुण्याच्या, तरुण, भराभर बोलणाऱ्या. म्हणाल्या, “आठवण उपयोगाची नाही. पेटंटचा अर्ज झाला त्याच्या आधी ही पद्धत छापून लोकांच्या हातात गेली होती, असा कागद हवा. भाषा कोणतीही चालेल, देश कोणताही.” आणि मला एकदम आठवलं, की छापली होती. मीच लिहून दिली होती. झालं असं, की वार्षिक सभेत कॉम्प्युटरचा खर्च मंजुरीला आला तेव्हा एक सभासद उठून म्हणाला, “आमची थोबाडं डब्यात कोंडणार म्हंजी नेमकं काय करणार? आमास्नी समजंल आसं आहवालात छापा, मंगच मंजूर.” सभेने टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षीच्या अहवालासाठी बाबांनी एक पान लिहिलं, ते त्यांच्याशिवाय कोणालाच कळेना. मग मी बसले. माझं मराठी तेव्हा कच्चं, म्हणून वाक्यं आपोआप सोपी यायची. प्रत्येक वाक्य आजीला वाचून दाखवायचं, त्या “आं?” म्हणाल्या की खोडायचं. अकरा वेळा खोडलं. ते पान अहवालात छापून अकरा हजार घरांत गेलं. आता अकरा हजारांतलं एक शोधायचं होतं, आणि आपल्या घरातलं बाबा गेल्यावर मीच दोन पोती कागदांबरोबर रद्दीत घातलेलं. कारखान्याच्या नव्या इमारतीत इतके जुने अहवाल नव्हतेच.

मग गेणू आठवले. कऱ्हाटीचे सभासद. फोटो काढायच्या दिवशी ते रांगेत पहिले होते, म्हणून नमुना म्हणून त्या पानावर त्यांचाच फोटो छापला होता. त्यानंतर महिनाभर ते ते पान खिशात घालून आठवड्याच्या बाजारात हिंडत होते. काका, प्रगती आणि मी कऱ्हाटीला गेलो. गेणू जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या सिंधुबाई पंचाहत्तरीच्या, काठी न घेता चालणाऱ्या. घरात शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर चौकट, झेंडूचा हार, आणि मधल्या खिडकीतून गेणू हसत होते. तोच फोटो. त्यांचा आयुष्यातला तो एकच फोटो. फ्रेमवाल्याने पान कापलेलं दिसत नव्हतं, वरून जाड पुठ्ठा लावून चेहऱ्यापुरती खिडकी ठेवली होती, म्हणजे बाकीचं पान पुठ्ठ्याखाली असणार. मी म्हटलं, एकदा उतरवून उघडून बघू द्या. सिंधुबाईंनी पदर खोचला. “येकदा भितीवर गेलेलं माणूस आसं मधीच उतरवत न्हाईत, मडम. सालातनं येकदा, त्यांच्या तिथीला, पुसाय खाली घेत्यात. माझ्या मालकाला दुसऱ्यांदा मराय लावता का काय?” काका मध्ये बोलायला गेले तर त्यांनाच, “तुमी गप बसा मानसिंगराव. तुमच्या घरात फोटू किती आन् माझ्या घरात किती, ते बगा आधी.” तिथी माघात. नोटिशीला उत्तर द्यायला आमच्या हातात अकरा दिवस.

मी वाद घातला नाही. त्यांचं म्हणणं मला पटत होतं. चहा आला, तो प्याले. कप खाली ठेवताना सिंधुबाईंनी सहज विचारलं, “समोरची पार्टी कोण हाय?” काका खोकले. प्रगती जमिनीकडे बघायला लागली. मी म्हटलं, माझी मुलगी. त्यांना आधी वाटलं मी थट्टा करते आहे. मग हळूच म्हणाल्या, “लेकीच्या इरुद्ध साक्षीला माझा मालक न्यायला आलाय व्हय?” मी म्हटलं, होय. “लेक लबाडी करतीया?” नाही, ती असं कधीच करणार नाही, तिला मनापासून वाटतं की हे तिलाच सुचलं, बाबांनी खेळात दाखवलं होतं तरी. “आन् शिकवलं बापानं.” मी म्हटलं, पाच वर्षांची होती, सिंधुबाई. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “मंग तिला कुणीतरी बापाचा कागद दावाय नगं व्हय?” उठल्या, स्वतः स्टूल ओढलं, आणि आम्हा कोणालाही हात लावू न देता चौकट उतरवली. छकुली, तोपर्यंत मला वाटत होतं की मी तुझ्याविरुद्ध लढते आहे आणि ते मी मनात कुठेतरी दडवून ठेवलं होतं. त्या बाईने एका वाक्यात ते ओझं काढून घेतलं. नंतर मी जे काही केलं ते तुला दाखवायला म्हणून केलं.

बारामतीला कोर्टाजवळ नोटरीकडे गेलो तेव्हा सिंधुबाई गाडीत पुढे बसल्या, चौकट मांडीवर, ऊन लागू नये म्हणून वर पदर. नोटरीने टेबलावर ठेवा म्हटलं तर म्हणाल्या, “त्यांना खुर्ची द्या.” त्या भल्या माणसाने खरंच खुर्ची दिली. काकांनी पक्कडीने मागचे खिळे काढले आणि पुठ्ठा उचलला. खाली अख्खं पान. वर कारखान्याचं नाव, वार्षिक अहवाल १९९२-९३, तळाला छापखान्याचं नाव. तीन चित्रं: आधी तो सगळ्यांचा चेहरा, मग नुसता फरक, काळ्यावर पांढरे ठिपके, आणि मग गेणू. सिंधुबाई पहिल्या चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, “आन् ह्यो कोण? इतकी वरसं माझ्या मालकाला खेटून बसलाय, आन् मी ह्याला बी हात जोडत हुते?” नोटरीसकट सगळे हसलो. प्रगतीने त्यांना समजावलं, “आज्जी, ह्यो सगळ्यांचा मिळून येक चेहरा हाय. ह्याच्यात तुमचं मालक बी हायत आन् माझं आजोबा बी.” चित्रांखाली माझी वाक्यं होती. ‘सर्व सभासदांचे फोटो एकावर एक ठेवून जो मध्यम चेहरा निघतो, तो कॉम्प्युटरात एकदाच साठवला आहे. प्रत्येक सभासद त्या चेहऱ्याहून जिथे आणि जितका वेगळा आहे, तेवढेच आकडे त्याच्या नावापुढे लिहिले आहेत. खिडकीवर नाव सांगताच कॉम्प्युटर दोन्ही एकत्र करून फोटो दाखवतो.’ बत्तीस वर्षांनी मी ती उभ्यानेच वाचली. वकीलबाई फोनवर ऐकत होत्या. म्हणाल्या, “हे वाचून कोणीही जाणकार ती पद्धत बनवू शकेल, कायद्याला हेच हवं असतं. लिहिलंय कोणी?” मी म्हटलं, मी. प्रमाणित प्रती घेतल्या आणि पान परत चौकटीत घातलं, या वेळी पुठ्ठ्याशिवाय. चौकट भिंतीवर चढली तेव्हाच सिंधुबाई पाणी प्यायल्या.

इंग्रजी भाषांतर मीच केलं. शपथपत्रही माझंच. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर बर्नाडेट निबंधाच्या तासाला म्हणायच्या, जे तुला ठाऊक आहे तेवढंच लिही, जे वाटतं ते डायरीत. मी तसंच केलं. वकीलबाईंनी एकदा हळूच सुचवलं, की वडिलांची पद्धत मुलीला ठाऊक होती आणि तिने ती लपवली, असं एक वाक्य आलं तर आपली बाजू लोखंडासारखी पक्की होईल. मी म्हटलं, तुला खेळ आठवतो की नाही हे मला माहीत नाही, म्हणून ते मी लिहिणार नाही, आणि तुम्ही लिहिलंत तर मी सही करणार नाही. त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, मग आपल्याला वेळ लागेल. लागला. तुमच्या वकिलांनी हरकती घेतल्या, की कागद माणसांच्या चेहऱ्यांचा आहे, झाडांचा नाही, आणि भाषांतर करणारी बाई घरचीच आहे. इकडे सगळा पावसाळा बागायतदार डाळिंबाची पानं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एसटीने कन्हेरीला आणत होते आणि प्रगती आमच्या ओसरीवर बसून एकेक बघत होती. कोणाची बाग वाचली, कोणाची गेली. पण सिंधुबाईंच्या चौकटीची गोष्ट गावोगाव पसरली, आणि तो अहवाल घेऊन माणसं यायला लागली. एकाचं मुखपृष्ठ नव्हतं. एकावर कोणाच्या तरी नातवाने रेल्वे काढली होती. एकूण सात प्रती जमल्या. “आपल्या दादासोचं हाय ते,” म्हणत आणून द्यायचे. माझ्या नवऱ्याला लोक अजून आपला म्हणतात, हे मला त्या पावसाळ्यात कळलं.

आता हे पत्र मी का लिहिते आहे ते सांगते, कारण जिंकल्याचं कळवायला चार ओळी पुरल्या असत्या. तुमच्या कंपनीने हक्क सोडल्याचे कागद आले, त्यांच्या शेवटी तुझं निवेदन जोडलेलं होतं, आणि मंगळवारी हलगी यायच्या आधीच मी ते प्रगतीच्या फोनवर वाचलं होतं. वकीलबाई म्हणाल्या, कंपनीने तुला लिहून द्यायला सांगितलं होतं की बाबांची आणि तुझी पद्धत वेगळी आहे. तू तसं लिहून दिलं असतंस तर आम्ही अजून दोन वर्षं भांडलो असतो आणि कदाचित हरलोही असतो. तू लिहिलंस: ‘मला दाखवलेलं पान मी मूळ मराठीत वाचलं. भाषांतर बरोबर आहे. पद्धत एकच आहे. ती मला माझ्या वडिलांनी मी पाच वर्षांची असताना शिकवली. अर्ज केला तेव्हा मला हे आठवत नव्हतं. आता आठवतं आहे.’ मी हे प्रगतीला वाचून दाखवलं, काकांना दाखवलं, कऱ्हाटीला जाऊन सिंधुबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “बगा, नुसता दावायचा उशीर.” हलगी वाजली ती लोकांना वाटतं डाळिंबासाठी. मी नाचले ती तुझ्या त्या सहा वाक्यांवर. तुझ्या नोकरीचं यात काय झालं ते तू मला सांगितलेलं नाहीस, मी विचारत नाही, जेव्हा सांगशील तेव्हा ऐकेन. प्रगती माझ्या शेजारी बसली आहे. ती म्हणते, “ताईला लिवा, मी काय रुसल्याली न्हाय. उलट माझं येक काम हाय तिच्याकडं.” एकाच पानावर दोन रोग पडले की पालवीत दोन्ही फरक एकमेकांत मिसळतात, ते वेगळे कसे काढायचे हे तिला तीन महिने सुटत नाहीये. प्रश्न तिने स्वतः लिहून दिला आहे, तो सोबत जोडते. जे सुचेल ते कोणाच्या नावावर करायचं नाही, एवढी तिची अट आहे. उत्तर पत्राने पाठवलंस तरी चालेल. पण ती म्हणते, तू इथे आलीस तर तुला ते पान हातात देऊन दाखवता येईल.

तुझीच,
आई